खोकला गिळणारे

"या आजाराच्या रुग्णांचे जीवनमान एकंदरीत समाधानकारक आहे."

हे वाक्य मोबाइलवर आलं तेव्हा मी एका ताईंच्या घरी वॉशिंग मशिनचा ड्रम उघडून बसलो होतो. हातातला पाना फरशीवर पडला. ताई आतून ओरडल्या, "फुटलं का काही?"

"नाही ताई, काही नाही."

माझं डोकं फुटायचं बाकी होतं.

वाक्य औषध समितीच्या निकालातलं. सरकारने कुठली औषधं विकत घेऊन लोकांना फुकट द्यायची ते ही समिती ठरवते. माझ्या बाबांच्या छातीची गोळी तिथे अडकली होती. समितीने नाही म्हटलं. कारण काय, तर रुग्ण मजेत आहेत.

बाबांचं सांगतो. बाबांनी सगळा जन्म किचनचे ओटे कापण्यात घालवला. साधा दगड नाही, कारखान्यात बनवलेला, चकचकीत, लोक घर दाखवताना ज्यावर हात फिरवतात तो. तो कोरडा कापला की पिठासारखी धूळ उडते. ती आत जाते आणि बाहेर येत नाही. फुफ्फुस हळूहळू कडक होत जातं. गोळीने ते बरं होत नाही, पण कडक होणं मंदावतं. छातीच्या डॉक्टरांनी ओळखीतून सॅम्पलची पाकिटं मिळवून दिली होती, तेवढ्यावर चाललं होतं. गोळी सुरू होण्याआधी बाबा पलंगावरून खिडकीपाशी जाताना मध्ये फ्रीजला टेकून उभे राहायचे. गोळीनंतर फ्रीजला न टेकता जायला लागले. बास, एवढाच फरक. पण घरात राहून बघा, मग कळतं एवढा म्हणजे केवढा.

आता पाकिटं संपत आली होती. डॉक्टर म्हणाले, आता सरकार देईल तर खरं. स्वतः विकत घ्यायची तर घर विकावं लागलं असतं, आणि घर भाड्याचं.

दुसऱ्या दिवशी कामं टाकून समितीच्या ऑफिसात गेलो. अर्थतज्ज्ञ अशी पाटी असलेल्या एका केबिनमध्ये घुसलो आणि तोंड सोडलं. आतल्या बाई आईच्याच वयाच्या. समोर डबा उघडा. मला वाटलं शिपायाला बोलावतील. त्यांनी ऐकून घेतलं.

"ओरडून झालं?"

"नाही."

"मग घ्या ओरडून. मी जेवते तोवर."

आता असं म्हटल्यावर माणूस काय ओरडणार. मी बसलो.

त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला. "आम्ही फोन करून विचारलं सगळ्यांना. चालता येतं का, आंघोळ स्वतःची स्वतः करता का, कपडे घालता का, दुखतं का, उदास वाटतं का. शेवटी एक प्रश्न, आज तुमच्या तब्येतीला शंभरपैकी किती मार्क द्याल. आता तुमच्या लोकांचे मार्क बघा."

बघितले.

"इतके मार्क तर मी स्वतःला देत नाही," बाई म्हणाल्या. "रस्त्यावरचा धडधाकट माणूस धरून विचारा, तोही देणार नाही."

"हे खोटं आहे."

"असेल. पण ते मी नाही रचलेलं. तुमच्या माणसांनी सांगितलंय." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "गोळीने माणूस किती वर येतो ते आम्ही मोजतो, आणि मग बघतो की तेवढ्यासाठी एवढा खर्च परवडतो का. आधीच नव्वदला असलेल्या माणसाला गोळी कुठे नेणार?"

"छताला."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "अजून एक आहे. कारखानदारांच्या संघटनेने हाच सर्व्हे उचललाय. धुळीचा नवा नियम येऊ घातला होता. कोरडं कापायचं नाही, पाणी सोडूनच कापायचं, नाहीतर कारखान्याला टाळं. संघटना म्हणते, जुने कामगार इतके ठणठणीत आहेत तर नवा नियम हवाय कशाला?"

एकाच सर्व्हेने म्हाताऱ्यांची गोळी जाणार होती आणि पोरांचं पाणीही.

"तुमचा निकाल अजून कच्चा आहे, हरकत घेता येते. सर्व्हे एकच म्हणून दोन्हीची सुनावणी एकत्र आहे, पुढच्या आठवड्यात. माणसं घेऊन या," बाई म्हणाल्या. "पण या वेळी त्यांना खरं बोलायला सांगा."

घरी पोचलो. बाबा खिडकीपाशी. आई त्यांची नखं कापत होती.

"बाबा, तुम्हाला सर्व्हेचा फोन आला होता?"

"आला होता ना. गोड पोरगी होती. काका काका करत होती."

"काय सांगितलंत तिला?"

"काय सांगणार? फस्क्लास म्हटलं."

"आंघोळ स्वतः करता का विचारलं असेल."

"हो म्हटलं."

आई नेलकटर धरून थांबली. "स्वतः?"

"मग काय शेजारी येऊन करतात?"

"अहो, मी घालते! पाठ मी चोळते, पाणी मी ओतते, टॉवेल मी गुंडाळते. तुम्ही फक्त स्टुलावर बसता."

"बसतो ना स्वतः," बाबा म्हणाले.

दुसऱ्या कुठल्या दिवशी मीही हसलो असतो. "मार्क किती दिलेत?"

"नव्वद. शंभर देणार होतो, पण म्हटलं उगाच बढाया नकोत."

"तुम्हाला कळतंय का काय केलंत? त्या नव्वदावर तुमची गोळी बंद झाली!"

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग खिडकीबाहेर. "परक्या पोरीला काय सांगू? माझी बायको माझी चड्डी बदलते म्हणून सांगू?"

"हो! तेच सांगायचं होतं!"

"ओरडू नकोस. खाली ऐकू जातं."

हे फस्क्लास काय आहे ते सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल माझा बाप येडा आहे. येडा नाही. कारखान्यात शिकलेलं आहे ते.

कारखान्यात दरवर्षी तपासणी व्हायची. कँटीनच्या टेबलावर डॉक्टर, बाजूला खुर्ची टाकून फोरमन. डॉक्टर विचारणार, काही त्रास? ज्याने हो म्हटलं तो महिनाअखेरीला गेटबाहेर. काढलं असं कोणी म्हणायचं नाही. तुमच्या तब्येतीला झेपेल असं काम सध्या नाही, असं म्हणायचे. म्हणून सगळे फस्क्लास म्हणायचे. आणि खोकायचं नाही. खोकला आलाच तर गिळायचा.

गिळायचा कसा, ते नव्या पोरांना शिकवायचं काम बाबांकडे होतं. कोणी दिलं नव्हतं, त्यांनीच घेतलं होतं. जीभ टाळूला घट्ट दाबायची. हवा नाकाने, थोडी थोडी. नजर एका जागी. आणि मनातल्या मनात घरातल्या माणसांची नावं घ्यायची, एकामागून एक, खोकला खाली बसेपर्यंत. लहानपणी मला हे सगळं भारी वाटायचं. बाबांनाही वाटायचं. अजून सांगतात, "माझा एकही माणूस कधी तपासणीत पडला नाही."

त्या दिवशी मी म्हणालो, "हो ना. सगळे पास होऊन मरतायत."

आई म्हणाली, "तोंड आवर."

आवरलं नाही. त्यांना म्हणालो, फोरमन केव्हाच रिटायर होऊन नातवंडं खेळवतोय, आणि तुम्ही अजून त्याच्यासमोर उभे आहात. मग आठवडाभर त्यांच्या मागे लागलो, आई लागली, तेव्हा कुठे सुनावणीला यायला तयार झाले. "येतो. सांगतो खरं काय ते. पण तू मध्ये बोलायचं नाहीस."

"नाही बोलत."

भोंगाकाकांकडेही गेलो. बाबांच्या शेजारच्या मशिनवर होते. मशिनच्या आवाजावर आवाज चढवून अख्ख्या शेडला हाक मारायचे, म्हणून भोंगा. आता नाकात नळी आणि बाजूला ऑक्सिजनचं मशिन. नाव तेच राहिलंय.

"काका, तुम्ही किती मार्क दिलेत?"

"पंच्याण्णव." श्वास. "तुझ्या बापाने?"

"नव्वद."

"म्हणजे जिंकलो." आणि हसले, आणि हसण्याने मशिन पी-पी करायला लागलं. काकू धावत आल्या. मशिन गप्प झाल्यावर काका म्हणाले, "येतो मी. पण बोलायला लावू नकोस. दोन वाक्यं बोललो की ही सवत ओरडते."

काकू म्हणाल्या, "सवत परवडली. ती निदान रात्रंदिवस यांच्यापाशी बसते."

सुनावणीचा हॉल गार होता. इतका गार की आधी तेच माझ्या डोक्यात गेलं, छातीच्या रोग्यांना बोलावलंय आणि एसी असा लावलाय जसा काही मासळी ठेवायचीय. पुढे लांब टेबल, प्रत्येकासमोर माइक आणि पाण्याची बाटली. मधोमध अध्यक्ष. कडेला आमच्या बाई. बाजूच्या टेबलावर संघटनेचा वकील. मला वाटलं होतं कोणी दांडगट असेल. तर अगदी मऊ माणूस. आवाज असा की झोप यावी.

तो उठला आणि म्हणाला, "आम्हाला कामगारांबद्दल अपार आदर आहे. म्हणूनच आमची विनंती आहे की त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवा. ते स्वतः सांगतायत आम्ही बरे आहोत. त्यांना खोटं पाडणारे आपण कोण?"

मी खुर्चीचा दांडा धरून बसलो. आईने माझ्या मनगटावर हात ठेवला.

मग बाबांना बोलावलं.

बाबांचा शर्ट कडक इस्त्रीचा, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. सकाळी आईनेच लावली होती. माइकपर्यंत जायची वाट रांगेच्या बाजूने होती. बाबा दर दोन-चार खुर्च्यांनंतर एखाद्याच्या पाठीवर हात ठेवून थांबत होते, हसत होते, मान हलवत होते. बघणाऱ्याला वाटावं ओळखीपाळखीचं चाललंय. ते दम खात होते. हॉलमध्ये हे फक्त आम्हाला कळत होतं, मला, आईला, आणि मागे बसलेल्या त्यांच्या दोस्तांना.

अध्यक्ष वाईट नव्हते. पुढे झुकून प्रेमाने म्हणाले, "बोला काका. कशी आहे तब्येत?"

आणि मी बाबांची पाठ ताठ होताना बघितली.

"फस्क्लास, साहेब."

हॉलमध्ये कोणीतरी हसलं. चांगल्या अर्थाने, म्हातारं गोड आहे अशा अर्थाने. वकिलाने मान खाली घालून काहीतरी लिहिलं. आमच्या बाईंनी डोळे मिटले.

मी कधी उठलो मला आठवत नाही. एकदम त्यांच्यासमोर होतो. कोणीतरी म्हणालं, अहो, अहो. मी बाबांच्या शर्टाचं वरचं बटण काढलं. मग खालचं. मग सगळी. आत बनियन, बनियनच्या आत बरगड्या.

"लावा," मी म्हणालो.

बाबा हळू म्हणाले, "काय करतोयस?"

"फस्क्लास आहात ना? बटणं लावा. तुमची तुम्ही."

त्यांनी हात वर केले. पहिल्या बटणाशी बोटं नेली. मान खाली वाकवून दोन्ही हात वर धरायचे म्हणजे त्यांच्या छातीला केवढं काम आहे ते मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच सांगितलं होतं. बटण काजाच्या तोंडापर्यंत गेलं आणि निसटलं. परत धरलं. परत निसटलं. मग खोकला आला.

आणि त्यांनी तो गिळला.

जबडा घट्ट. नजर समोरच्या पाण्याच्या बाटलीवर. चेहरा आधी लाल, मग काळपट. ओठ जरा जरा हलत होते. ते नावं घेत होते. त्या नावांत माझंही असणार, आणि मी समोर उभा होतो, त्यांचा शर्ट उघडा टाकून.

"पाणी द्या त्यांना कोणीतरी!" अध्यक्ष ओरडले.

"पाणी नको," मी म्हणालो. "बघा. नीट बघा. याला नव्वद म्हणतात."

खोकला खाली बसला. बाबांनी समितीकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं.

"झालं समाधान?"

आई पुढे आली. मला तिने कोपराने बाजूला केलं, खरंच कोपराने, आणि बाबांची बटणं लावायला लागली. खालून वर. लावता लावताच माइककडे तोंड न करता बोलली, पण माइकने पकडलं. "रोज मीच लावते. आंघोळ मी घालते. रात्री उशा चढवून बसवते, आडवं झालं की श्वास लागतो म्हणून. त्या पोरीने मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. मला कोणी विचारलं नाही."

मागून भोंगाकाकांचं मशिन पी-पी करायला लागलं. ते काहीतरी ओरडायचा प्रयत्न करत होते.

मला वाटलं, झालं. आता कोण नाही म्हणेल?

वकील उठला. चेहरा खरंच पडलेला. "फार दुःखद आहे हे. आम्ही सगळे हेलावलो आहोत." त्याने फाइल मिटली. "म्हणजे सर्व्हे चुकीचा आहे, असंच ना? मग आम्हीही म्हणतो, तो रद्द करा. नव्याने करा, घरोघरी जाऊन करा. खऱ्या आकड्यांवरच निर्णय व्हावा. आणि तोपर्यंत अर्थातच कुठलाच निर्णय नको. नियम जुनाच राहू दे."

अध्यक्षांनी मान डोलावली. एवढं समंजस कोण बोलतं?

मला कळायला वेळ लागला. आम्ही मजेत आहोत म्हटलं तरी कोरडं कापायला परवानगी, आणि आम्ही मरतोय म्हटलं तरी परवानगी. फक्त दुसऱ्या वेळी तिचं नाव "सखोल अभ्यास" होतं. त्या क्षणी शेडमध्ये कोणीतरी पोरगा कटर चालवत असणार, तोंडाला रुमाल बांधून.

आमच्या बाईंनी माइक ओढला. "निदान ज्यांना गोळी सुरू आहे त्यांना मधल्या काळात ती द्या. मध्ये खंड पडला तर गेलेलं परत येत नाही."

"तशी तरतूद नाही," अध्यक्ष म्हणाले.

"तरतूद आपणच करतो ना?"

"बाई, आज विषयपत्रिकेवर नाही."

त्या अजून बोलत होत्या तेव्हा माइकचा लाल दिवा गेला. कोणी बंद केला, की आपोआप झाला, माहीत नाही. माणसं कागद गोळा करायला लागली. मी ओरडलो. काय ओरडलो ते लिहिण्यासारखं नाही. सिक्युरिटीवाल्याने मला दंडाला धरून बाहेर काढलं.

खाली जायला लिफ्ट एकच. वकिलाने तिचं दार हाताने अडवून धरलं होतं. "या काका, सावकाश."

बाबा आत गेले. "थँक यू," म्हणाले.

थँक यू! मी जिन्याने उतरलो. त्या लिफ्टमध्ये गेलो असतो तर आज तुरुंगात असतो.

त्या दिवसापासून बाबा माझ्याशी बोलायचे थांबले. भांडण नाही, आदळआपट नाही. काही हवं असलं तर आईला सांगायचे, मी समोर असलो तरी. "त्याला सांग पंखा कमी कर." मी पंखा कमी करायचो. मला पस्तावा होतो का? होतो. परत तसं करेन का? मला माहीत नाही. हे प्रामाणिकपणे सांगतोय. ज्यांना लाज वाटायला हवी ते लिफ्टचं दार धरून उभे होते आणि लाज आमच्या घरात राहायला आली होती.

पाकिटं संपली. आधी काही जाणवलं नाही. मग एका सकाळी बाबा खिडकीकडे निघाले आणि मध्येच फ्रीजला टेकले. आईने माझ्याकडे बघितलं. मी कामाला निघून गेलो. एका गिऱ्हाइकाच्या मशिनचा बोल्ट इतका पिळला की तुटला.

मग बाईंचा फोन आला. म्हणाल्या, घरोघरचा सर्व्हे सुरू झालाय, माझ्या हातात होतं तेवढं केलं, तुमचा भाग आधी घ्यायला लावलाय.

"निकाल कधी?"

"वेळ लागेल."

"किती?"

"खोटं सांगत नाही. बराच."

सर्व्हेवाली मुलगी आली. पाठीला सॅक, हातात टॅब, जिने चढून घामाघूम. आईने पाणी दिलं. मी खुर्ची ओढून बाबांच्या शेजारी बसलो. मुलीने टॅब उघडला. "काका, सुरू करू?"

बाबा आईला म्हणाले, "त्याला सांग बाहेर जा म्हणून."

"अहो..."

"त्याच्यासमोर नाही सांगणार."

मी बाहेर जिन्यात जाऊन उभा राहिलो. दार बंद झालं. आतून मुलीचा आवाज, एकेक प्रश्न, छोटा. मग बाबांचा आवाज. शब्द कळत नव्हते. थांबत होता, परत सुरू होत होता. आई मध्ये काही बोलली तेव्हा मात्र स्पष्ट ऐकू आलं, "तू थांब. मला विचारलंय. मी सांगतो." परत तोच हळू आवाज, बराच वेळ. वरच्या मजल्यावरचे आजोबा भाजीची पिशवी घेऊन गेले, थोड्या वेळाने रिकाम्या हाताने उतरले, तरी आत चाललंच होतं.

मी भिंतीला डोकं टेकून उभा होतो आणि मला इतका राग येत होता. एका माणसाने आयुष्यभर काम केलं, कोणाकडे काही मागितलं नाही, आणि आता श्वासाची गोळी हवी तर त्याने परक्या पोरीसमोर स्वतःला एकेक कपडा काढावा तसं उघडं करायचं. ते पुरेसं उघडं झालं का, ते कोणीतरी गार हॉलमध्ये बसून ठरवणार. कधीतरी.

दार उघडलं. मुलगी बूट घालताना माझ्याकडे बघत नव्हती.

"किती मार्क दिले?"

"ते मला सांगता येत नाही दादा," ती म्हणाली आणि जिना उतरून गेली.

मी आत गेलो. बाबा पलंगाच्या कडेला, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून बसले होते. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. आई पाठीवर हात फिरवत होती. मला बघून त्यांनी मान वर केली.

"तिला सगळं सांगितलंय," ते म्हणाले. माझ्याशी. आईमार्फत नाही. "तुला नाही सांगणार."

"नका सांगू."

"आणि परत कधी..." श्वास. "परत कधी माझ्या शर्टाला हात लावलास ना..."

पुढचं आलं नाही. हाताने थांब म्हणून खूण केली. म्हणजे अजून बोलायचं होतं, संपलं नव्हतं.

मी दारातच उभा राहिलो. मला ती शिवी पूर्ण ऐकायची होती.